सूटपत्र कुणाच्या हातात?

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर. चर्चेत विचारल्या गेलेल्या काही प्रश्नांची उत्तरं ओघात घेतली आहेत.)



'धर्माचे कायदे आणि आपण' या विषयावर बोलायला मला सांगितलं, तेव्हा बहुतेकींना वाटलं असणार की मी हिंदू कोड बिलावर नाहीतर तलाकवर बोलेन. त्यावर बोलणाऱ्या इथं माझ्याहून जाणत्या बसल्या आहेत. मी आज फार जुन्या आणि फार लांबच्या कायद्याविषयी बोलणार आहे. बायबलच्या जुन्या करारातला, प्राचीन इस्राएल लोकांचा कायदा. तो ज्यू समाजात आजही चालतो. आणि तो लांबचा नाही, हे मला आमच्या समुपदेशन केंद्राच्या टेबलावर कळलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चौतिशीतली एक बाई आली. नर्सची नोकरी, बोलणं अगदी आपलं, अलिबागकडचं. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. बेने इस्राएल. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वेगळी झालेली, कोर्टाचा घटस्फोट हातात. मी फाईल चाळली, सगळं नीट होतं. म्हटलं, "ताई, आता अडचण काय? तुम्ही मोकळ्या आहात."

ती म्हणाली, "कोर्टानं मोकळं केलं. मी मोकळी झाले नाही. त्यानं गेट दिलेला नाही."

मला 'गेट' म्हणजे दार एवढंच माहीत. तिनं समजावून सांगितलं. त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे नवरा स्वतःच्या मर्जीनं घटस्फोटाचं पत्र लिहवून घेतो आणि बायकोच्या हातात देतो, तेव्हाच लग्न मोडतं. ते पत्र म्हणजे गेट. इस्राएलमध्ये राहणाऱ्या एका विधुराशी तिला लग्न करायचं होतं. नवरा म्हणत होता, जागेतला अर्धा हिस्सा सोड, मग देतो.

मी तेव्हा काय केलं, ते आधी सांगून टाकते. मी तिला म्हटलं, "सोडा हो तो कागद. कायद्यानं तुम्ही स्वतंत्र आहात. १९५४ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट आहे, इथंच रजिस्टर लग्न करा." समाजकार्याची पदवी होती, कायद्याची पुस्तकं कपाटात होती. मला वाटलं, प्रश्न सुटला.

ती शांतपणे म्हणाली, "आणि मला मूल झालं तर? त्याला आमच्यात काय म्हणतील, ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर मी वाचायला लागले. त्यातलं तुम्हाला सांगते.

जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे. त्याच्या चोविसाव्या अध्यायात येतं की नवऱ्याला बायकोत काही लाजिरवाणं आढळलं तर त्यानं सूटपत्र लिहावं, तिच्या हातात द्यावं आणि तिला घरातून पाठवून द्यावं. पुढं ती दुसऱ्याची होऊ शकते. 'सूटपत्र' हा आपल्या मराठी बायबलमधला शब्द. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र 'तोडण्याचं पत्र' असा आहे.

वाचून राग येतो. लिहिणारा तो, देणारा तो, पाठवणारा तो. पण त्या काळात उभं राहून पाहिलं तर यात बाईच्या बाजूचंही काही आहे. नुसतं रागाच्या भरात 'चल, नीघ' म्हणून भागत नाही. कागद लागतो. तो तिच्या हातात पडावा लागतो. त्या कागदाच्या बळावर ती दुसरं घर करू शकते. आपल्याकडे नवऱ्यानं 'टाकलेल्या' किती बायकांच्या हातात असा एखादा कागद असतो? परित्यक्तांबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायला नको. ना नांदवणं, ना सोडणं.

पुढं हजार-दीड हजार वर्षांत रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मशास्त्रींनी, या दोन-चार ओळींवर डोंगराएवढं लिहिलं. 'लाजिरवाणं' म्हणजे काय, यावरच इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात वाद झाला. शम्मायच्या परंपरेचे लोक म्हणाले, बदफैली असेल तरच. हिल्लेलच्या परंपरेचे म्हणाले, स्वयंपाक बिघडवला तरी पुरे. रब्बी अकिवा म्हणाले, दुसरी अधिक सुंदर मिळाली तरी चालेल. हे सगळं मिश्ना नावाच्या ग्रंथात नोंदलेलं आहे. करपलेल्या भाजीवरून बाईचा संसार मोडावा की नाही, यावर विद्वान पुरुष गंभीरपणे चर्चा करताहेत आणि तिला कुणी विचारत नाही, हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही.

पण याच शास्त्र्यांनी दुसऱ्या बाजूनं नवऱ्याचे हातही बांधत आणले. लग्नाच्या वेळी 'केतुबा' हा करार लिहायचा. घटस्फोट दिला तर ठरलेली रक्कम बायकोला द्यायची. म्हणजे रागाच्या भरात सोडणं महाग पडावं. इसवी सन १००० च्या सुमारास जर्मनीतल्या माइंत्स शहरच्या रब्बी गेर्शोम यांच्या नावानं दोन बंधनं आली. एकाच वेळी दोन बायका करायच्या नाहीत आणि बायकोच्या संमतीशिवाय तिला घटस्फोट द्यायचा नाही. युरोपातल्या ज्यूंनी ती मानली.

मग अडतं कुठं? अडतं ते त्याच्या मर्जीपाशी. पत्र त्यानं स्वेच्छेनं दिलं पाहिजे. जबरदस्तीनं घेतलेलं पत्र बाद होऊ शकतं. तो बेपत्ता झाला, वेडा झाला, किंवा नुसता हट्टाला पेटला, तर बाई अडकली. अशा बाईला हिब्रूत 'अगूना' म्हणतात. शब्दशः अर्थ, नांगरून ठेवलेली. नांगर टाकलेलं गलबत बंदरात कसं असतं? बुडत नाही, पण कुठं जातही नाही.

आता माझ्या त्या ताईच्या मुलाकडे येते. गेट नसताना बाईनं दुसरं घर केलं तर धर्मशास्त्राच्या दृष्टीनं तो व्यभिचार. त्यातून झालेलं मूल 'मामझेर'. अशा मुलाला समाजातल्या इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, आणि बायबलचे शब्द दहा पिढ्यांपर्यंत जातात. पुरुषाचं काय? त्याला अविवाहित बाईपासून मूल झालं तर ते मामझेर नाही. बायको गेट घ्यायला तयार नसेल तर शंभर रब्बींच्या सह्या घेऊन त्याला दुसऱ्या लग्नाची परवानगी मिळू शकते. बाईसाठी अशा शंभर सह्यांची सोय नाही.

तुम्ही म्हणाल, ज्याला धर्म पाळायचा तो पाळेल, बाकीच्यांनी सोडून द्यावा. पण इस्राएलमध्ये ते तुमच्या हातात नाही. ओटोमन तुर्कांच्या राज्यात लग्न-घटस्फोट ज्याच्या त्याच्या धर्मपीठाकडे असत. ब्रिटिशांनी ते तसंच ठेवलं. १९४८ मध्ये इस्राएल झालं आणि १९५३ च्या कायद्यानं ज्यूंचे लग्न-घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडेच दिले. १९५१ मध्ये तिथं स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा झाला होता, पण त्यातून लग्न आणि घटस्फोट वगळले होते! देशात दोन ज्यूंचं नागरी लग्न लागत नाही. म्हणून कितीतरी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. मोडायची वेळ आली की दोघं ज्यू असतील तर पुन्हा रब्बींच्याच दारात. देव न मानणाऱ्या बाईलाही सुटकेसाठी तीन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर लागतो. २०१४ मध्ये रोनित आणि श्लोमी एल्काबेट्झ या बहीण-भावांनी यावर 'गेट' नावाचा सिनेमा काढला. जवळजवळ सगळा सिनेमा त्या न्यायालयात घडतो. बाई वर्षानुवर्षं येते आणि नवरा 'नाही' म्हणतो.

आता यातला आपल्या कोकणाचा भाग. तो आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

बेने इस्राएल लोक कित्येक शतकं रायगडच्या किनाऱ्यावर राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. रब्बींच्या ग्रंथपरंपरेपासून ते तुटलेले होते. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम त्यांनी जपले, पण गेटचं शास्त्र त्यांच्याकडे नव्हतं. १९४८ नंतर ते हजारोंनी इस्राएलला गेले. तिथं त्यांच्या मुलामुलींची लग्नं लावायला काही रब्बी नकार देऊ लागले. का? तर यांच्या पूर्वजांतल्या एखाद्या बाईनं विधिवत गेट न घेता दुसरं लग्न केलं असेल, मग तिची संतती मामझेर असेल! १९६२ मध्ये मुख्य रब्बी कार्यालयानं आदेश काढला की बेने इस्राएलांशी लग्न लावताना त्यांच्या आया, आज्या आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी.

विचार करा. कोकणातल्या कुठल्याशा खेड्यात दोनशे वर्षांपूर्वी एखादी बाई दुसऱ्यांदा नांदायला गेली असेल, या संशयावरून तिच्या खापरपणतीचं लग्न अडायचं. त्या खापरपणतीच्या रंगाचाही त्यात भाग होता, हे बेने इस्राएलांनी तेव्हाच बोलून दाखवलं. ते गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात बायका-मुलांसह त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेची खास बैठक झाली, बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असं ठरलं, आणि आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. मराठी बोलणाऱ्या माणसांनी तीन हजार वर्षांच्या कायद्यापुढं धरणं धरून मिळवलेला हा विजय आहे. आपल्या चळवळीच्या इतिहासात त्याला एक ओळ मिळायला हवी.

माझ्या टेबलासमोर बसलेली ताई 'मूल झालं तर' म्हणाली, तेव्हा तिच्या मागं हे सगळं उभं होतं. आणि मी तिला म्हणाले, सोडा तो कागद.

आता मुख्य प्रश्न. इतका जुना कायदा आजच्या जगण्याला लावायचा तरी कसा? एक पक्ष म्हणतो, देवाचा शब्द आहे, काना-मात्रा बदलायची नाही. दुसरा म्हणतो, जुनाट आहे, फेकून द्या. वाचताना लक्षात आलं की 'बदलायचा नाही' म्हणणाऱ्यांनीच तो वेळोवेळी बदलून घेतलेला आहे.

'डोळ्याबद्दल डोळा' आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तालमूदच्या शास्त्र्यांनी त्याचा अर्थ लावला, डोळ्याची भरपाई पैशात. दुसरं उदाहरण कर्जाचं. मूळ नियम असा की दर सातव्या वर्षी कर्जं माफ. गरिबांसाठी किती चांगला! पण सातवं वर्ष जवळ आलं की कुणी गरिबाला उसनं देईना. तेव्हा हिल्लेलनं 'प्रोझबुल' नावाची तोड काढली. कर्ज न्यायालयाकडे सोपवल्याचा कागद करायचा, म्हणजे सातव्या वर्षीही वसुली होते. नियमाचा शब्द राहिला आणि व्यवहारही चालला. देणाऱ्याची सोय झाली, घेणाऱ्याचीही झाली.

म्हणजे बाजार अडला तेव्हा वाट निघाली. मग बाई अडते तेव्हा का निघत नाही?

निघालेली आहे, हेही सांगितलं पाहिजे. चामडी कमावणारा, तांबं गाळणारा, अशा दुर्गंधीच्या धंद्यातल्या नवऱ्याला बायकोसाठी घटस्फोट द्यायला भाग पाडावं, असं मिश्नातच आहे. आधी माहीत होतं तरी बाई म्हणू शकते, 'वाटलं होतं सोसेन, पण नाही सोसवत.' हे वाचताना मी थांबले. आपल्याकडे 'लग्नाआधी माहीत नव्हतं का?' हा प्रश्न बाईला किती वेळा ऐकावा लागतो! बाराव्या शतकातल्या मायमोनिदीझ या थोर शास्त्र्यानं तर म्हटलं की बायकोला नवऱ्याचा तिटकारा आला असेल तर त्याला घटस्फोट द्यायला लावावा, कारण ती काही युद्धात धरून आणलेली कैदी नाही. त्याच शतकात फ्रान्सच्या रब्बेनू ताम यांनी याला विरोध केला आणि पुढं बहुतेकांनी विरोधाची बाजू उचलली. पण त्याच रब्बेनू ताम यांच्या नावावर दुसरा उपाय आहे. हट्टी नवऱ्याशी व्यवहार करू नका, त्याला पंगतीला घेऊ नका, प्रार्थनेत मान देऊ नका. जबरदस्ती नाही, पण गावानं पाठ फिरवायची.

हिटलरच्या छळछावण्यांत नवरे नाहीसे झाले, तेव्हा प्रेत नसताना, साक्षीदार नसताना रब्बींनी पुराव्याचे नियम सैल करून बायकांना विधवा ठरवलं आणि पुनर्विवाहाला मोकळं केलं. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे टॉवर पडले, तेव्हाही तिथल्या धर्मपीठानं हेच केलं. नवरा मेला असेल तर शास्त्राला दया येते. नवरा जिवंत आणि खुनशी असेल तर शास्त्र हात टेकतं. खरी अडचण इथं आहे.

ही अडचण हलवली ती बायकांनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इस्राएलमध्ये बायका धर्मशास्त्र शिकून रब्बींच्या न्यायालयात बाजू मांडायला उभ्या राहू लागल्या. न्यायाधीश पुरुषच, पण पोथी आता तिलाही पाठ. १९९५ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला. न्यायालयानं सांगूनही गेट न देणाऱ्याचा पासपोर्ट, वाहन परवाना, बँक खातं अडवता येतं, तुरुंगातही टाकता येतं. त्याच्या आधीच एक नवरा गेट द्यायचं नाही म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात बसला आणि १९९४ मध्ये तिथंच मेला. बाई सुटली ती विधवा म्हणून. काही वकील बायकांनी वेगळा रस्ता धरला. गेट अडवणं ही इजा आहे, तिची भरपाई द्या, म्हणून त्या कौटुंबिक न्यायालयात गेल्या. २००४ मध्ये जेरुसलेमच्या कौटुंबिक न्यायालयानं अशी भरपाई मंजूर केली. अमेरिकेत सनातनी रब्बींनीच लग्नापूर्वीचा करार काढला. वेगळं झाल्यावर गेट मिळेपर्यंत नवऱ्यानं रोज ठरलेली रक्कम द्यायची.

इतर देशांच्या कोर्टांनीही हात झटकले नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये, गेट देण्याचं लेखी वचन पंधरा वर्षं मोडणाऱ्या माणसाला ४७,५०० डॉलर भरपाई द्यायला लावली. इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये एकाला तुरुंगवास झाला. गेट अडवून ठेवणं हा बायकोवर हुकमत गाजवण्याचा, छळाचा भाग आहे, असं तिथं धरलं गेलं. 'धर्माची बाब' म्हणून जी गोष्ट बाजूला ठेवली जात होती, ती कौटुंबिक हिंसा म्हणून ओळखली गेली. हे पाऊल मला फार मोठं वाटतं.

चर्चेत कुणीतरी विचारलं, मग धर्मच सोडावा असं का नाही म्हणत? ज्यांना सोडावासा वाटतो त्यांनी जरूर सोडावा, त्यांच्यासाठी नागरी कायदा हवाच. इस्राएलच्या बायका तोही मागताहेत. पण माझ्या ताईला धर्म सोडायचा नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणं तिला सोडायचं नव्हतं. तिला फक्त त्या नवऱ्याच्या मुठीतून सुटायचं होतं. मी तिला 'धर्म की सुटका' अशी निवड करायला सांगत होते. तिच्या नवऱ्यानं 'जागा की सुटका' अशी सांगितली. आम्ही दोघांनीही तिला किंमत मोजायला लावत होतो, एवढंच.

शेवटी तिनं जागेतला हिस्सा सोडला. परदेशातून आलेल्या रब्बीसमोर गेट लिहिला गेला, बारा ओळींचा. त्यात नावं लागतात, गावाचं नाव लागतं, जवळच्या पाण्याचं नावही लागतं. दोन साक्षीदारांसमोर तिनं ओंजळ पुढं केली आणि त्यानं वरून कागद टाकला. नंतर ती पेढे घेऊन केंद्रात आली. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "रडू येईल वाटलं होतं. राग आला. माझ्याच सुटकेसाठी मी ओंजळ का करायची?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण जुन्या करारातलीच एक गोष्ट सांगून थांबते. 'गणना' या पुस्तकात सलाफहादच्या पाच मुली आहेत. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, भाऊ नाही, आणि जमिनीची वाटणी पुरुषांच्या नावानं चाललेली. त्या पाचजणी सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बापाचं नाव आणि वाटा आमच्याकडे का येऊ नये? मोशेकडे उत्तर नव्हतं. त्यानं देवाला विचारलं. देव म्हणाला, मुलींचं बरोबर आहे. आणि कायदा बदलला.

म्हणजे ज्या कायद्याला 'कधीच न बदलणारा' म्हणतात, त्याच्याच पोथीत बायकांनी मागितल्यावर तो बदलल्याची नोंद आहे. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी कुळातले पुरुष येतात आणि तक्रार करतात, या मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीन जाईल. मग त्यांना आपल्याच वंशात लग्न करायचं बंधन पडतं. मिळालेल्या हक्काला मागून कात्री लागते, हेही पोथीत आहे. वारसाहक्काचं काम करणाऱ्या मैत्रिणी आत्ता हसताहेत. 'हक्कसोड' वर सही करून घेणारे भाऊ त्यांच्या डोळ्यांपुढं आले असणार.

तर कार्यकर्त्या म्हणून माझं सांगणं एवढंच. बाई धर्माचा कागद मागत असेल तर तिला अडाणी समजू नका. तो कागद तिला का हवा आहे, तो कुणाच्या हातात आहे आणि त्याची किंमत कोण वसूल करतंय, हे विचारा. तिची पोथी आपणही वाचा, कारण ती वाचल्याशिवाय पोथीवाल्याशी भांडता येत नाही. आणि कागद अडवून ठेवण्याला हिंसा म्हणा, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

त्या पाचजणींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या स्वतःहून जाऊन उभ्या राहिल्या. आपल्यालाही तसंच जावं लागणार आहे.